आज आईला काय दिसलं

९ जानेवारी

ताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद. फाडायचा असेल तर खुशाल फाड, पण आधी आईला वाचून दाखव, कारण यातलं निम्मं तिच्यासाठी आहे. तिला अक्षरं दिसेनाशी झाली आणि तू आमच्या दोघांमधली पोस्टमन झालीस, याला माझा इलाज नाही.

मला काम लागलंय. हसू नकोस. फरशीचं गोदाम, पाट्या रंगवणं, हॉलमध्ये खुर्च्या मांडणं, हे सगळं करून झाल्यावर पहिल्यांदा असं काम मिळालंय की ज्याला काम म्हणायची लाज वाटत नाही. भिंतीला चिकटवायचे कागद असतात ना, हॉटेलच्या खोल्यांत असतात तसले फुलापानांचे, त्यांची नक्षी काढणारी ही जागा. लोक दिवसभर वाकून पानं काढतात. मी लागलो तो गुंडाळ्या उचलायला. चार जिने, लिफ्ट बंद. लिफ्टमध्ये इमारतीच्या मालकांनी जुन्या खुर्च्या भरून ठेवल्यात, त्यातली एक इतकी सुंदर आहे की काय सांगू, पाठीला वेताची जाळी, ती एकाच जागी फाटलेली. असो.

इथल्या मालकीणबाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. त्यांच्या खोलीत एक भिंत कोरी ठेवलीय. दर सोमवारी प्रत्येकाने तिच्यावर काहीतरी टाचायचं. बसच्या सीटचं फाटकं रेक्झिन, गंजाचा फोटो, सुकलेलं पान, ज्यातून पुढे नक्षी निघेल असं काहीही. झाडूवाल्यापासून सगळ्यांना सक्ती. आणि नियम एकच: कुठून आणलं ते सांगायचं नाही, दुसऱ्याने विचारायचं नाही. बाई म्हणतात, कुठून आलं ते कळलं की माणूस त्या वस्तूकडे बघायचं सोडून आणणाऱ्याकडे बघायला लागतो.

पहिल्या सोमवारी माझ्या खिशात किल्ली आणि अर्धी बिडी. मग मला आईचा शेवटचा फोन आठवला. तूच दिला होतास तिला, तू तेव्हा बोलत होतीस माझ्याशी. ती म्हणाली होती, "भिंतीला खवले आलेत रे. माशाचे नव्हेत, लसणाच्या पाकळीसारखे. जांभळ्या कडेचे. आणि एक पाकळी फुगते तेव्हा शेजारची बसते." आणि मागून तू ओरडलीस, "आई, पुरे." ते मी पाकिटाच्या पाठीवर काढलं आणि टाचलं.

बाई त्याच्यासमोर चहा गार होईपर्यंत उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे टाचणाऱ्याने उद्यापासून गुंडाळ्या उचलायच्या नाहीत."

तर विचारायचं असं, की आईला अजून दिसतं का तसलं काही? तिच्या डोक्यावर परिणाम झालाय असं तू म्हणाली होतीस. झाला असेल तर काय काय दिसतं ते सविस्तर लिही. रंगासकट.

तुझा भाऊ

*

२ फेब्रुवारी

ताई,

तू उत्तर पाठवलंस! रागाने लिहिलेलं अक्षर किती सुबक येतं तुझं.

आई वेडी नाही हे वाचून हलकं वाटलं. म्हणजे काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढलाय, कडेचं दिसणं गेलंय, आणि जिथे डोळ्याला दिसत नाही तिथे मेंदू आपल्या मनाने चित्रं भरतो. तुझं हे वाक्य मी तीनदा वाचलं. रिकामी जागा दिसली की भरायची! आम्ही इथे त्यासाठी पगार घेतो आणि तरी दर सोमवारी तोंड पाडून बसतो.

बाकीचंही वाचलं, नाही असं नाही. रोज थेंब चुकवायचे नाहीत. उरलंय ते वाचवायला ऑपरेशन लवकर करायला हवं. आणि आई म्हणते, "तो आला की जाऊ." तू लिहितेस की तिला उचलून नेता येत नाही आणि ती माझ्याशिवाय पायरी उतरत नाही. ताई, येतो म्हणालो ना. बाईंचा नवा संच निघतोय, बारा कागदांचा, त्यातला पहिला माझ्या पाकळ्यांचा. तो छापायला गेला की निघालोच.

आता एक तक्रार. आईने सांगितलेलं तू कापून लिहितेस. 'हिरव्या विटा दिसतात, ताटाच्या कडेवरून टोपीवाली बुटकी माणसं चालतात.' एवढंच? विटा उभ्या की आडव्या? हिरवा म्हणजे शेवाळाचा की बाटलीचा? माणसं कुठल्या बाजूला तोंड करून चालतात? बेकरीच्या काउंटरवर तू गिऱ्हाईकाला 'एक काहीतरी गोड' देऊन पाठवतेस का? तिच्याजवळ बस आणि ती बोलेल तसं उतरवून घे. तिलाही बरं वाटेल. इतकी वर्षं तिला कोण विचारतंय, आई काय दिसलं म्हणून.

आई, तू ऐकत असशील तर: तुझ्या लसणाच्या पाकळ्या छापखान्यात गेल्यात. मोठमोठ्या लोकांच्या खोल्यांत लागतील. आणखी सांग.

तुझा, तिचाही

*

२३ फेब्रुवारी

ताई,

या खेपेचं पत्र फार चांगलं होतं, म्हणजे आईचं. तुझा भाग मी सवडीने वाचेन.

'पडद्यावर कंगवे. दातांत केस अडकलेले, आणि केस वाढतायत.' हे टाचलं तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. माझ्या शेजारी जो बसतो त्याला सगळे डिंक्या म्हणतात, बोटं कायम चिकट. कॉलेज करून आलाय, भिंतभर प्रमाणपत्रं. तो मला म्हणाला, "लेका, तू काही ओढतोस का रे? आम्हालाही दे." मी म्हटलं, "घरचा माल आहे." हसला. नियम आहे म्हणून पुढे विचारता येत नाही त्याला, नुसता जळतो. त्याने सोमवारी काय टाचलं होतं? फुलपाखरू. मला इतकी कीव आली की मी त्याला चहा पाजला.

मला आता स्वतःचं टेबल आहे, खिडकीजवळ. नक्षीचा तुकडा कसा करतात तेही शिकलो. एकच चौकोन काढायचा, पण तो वरखाली आणि डावीउजवीकडे स्वतःलाच असा जुळायला हवा की सांधा दिसता कामा नये. मग तो मैलभर लावा. बाई म्हणतात, तुझा सांधा सापडत नाही. मला जमतं यातलं काही तर हेच.

ऑपरेशनची तारीख तू घेतलीस हे कळलं. १२ मार्च. येतो.

एक विचारू? डॉक्टर स्वतःच म्हणालेत ना, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही म्हणून. मग चार आठवडे इकडे की तिकडे, काय फरक पडतो? तू लगेच अंगावर येशील, म्हणून नुसतं विचारतोय. आणि दुसरं: ऑपरेशननंतर ही चित्रं दिसायची थांबतात का, तेवढं डॉक्टरांना विचारून ठेव. सहज.

*

१९ मार्च

ताई,

मी निघालो होतो. विश्वास ठेवणार नाहीस, तरी सांगतो. अकराला सकाळी बसमध्ये बसलो, पिशवीत आईसाठी गाऊन, मऊ, पुढून बटणांचा, डोक्यावरून घालायला नको म्हणून. निम्म्या वाटेवर बस चहाला थांबली. समोर एक घर पाडत होते. तीन भिंती गेलेल्या, चौथी उभी, आणि तिच्यावर भिंतीचा कागद. एकावर एक सात-आठ थर. वरचा राखाडी पट्ट्यांचा, खाली गुलाब, त्याच्याखाली जहाजं, लहान मुलाची खोली असणार. मी म्हटलं, एक तुकडा घेतो आणि येतो. कोपरा ओढला तर सगळे थर साल निघावी तसे एकदम निघाले. पाडणाऱ्या माणसांनी मला शिडी दिली. चांगली होती माणसं. बस गेली. दुसरी होती संध्याकाळी, पण तोवर मी इतका धुळीने माखलो होतो आणि हातात एवढं मोठं भेंडोळं होतं की हॉस्पिटलात कुणी आत घेतलं नसतं.

तू जे लिहिलंस ते मी वाचलं. आई पहाटेपासून आवरून बसली होती. हॉस्पिटलच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन. नर्सला, लिफ्टवाल्याला, शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला सांगत होती, "मुलगा येतोय. कागदावर बागा काढतो तो." दरवाजा वाजला की त्या दिशेला हसायची. नाव पुकारलं तेव्हा उठली नाही. पुन्हा पुकारलं. "तो येईल, त्याला सापडणार नाही मी आत गेले तर." मग नंबर दुसऱ्याला दिला.

तू म्हणतेस मी माणूस नाही. असेन किंवा नसेन. पण एक गोष्ट तुझ्याही लक्षात येतेय का? तो दरवाजा. ती दरवाज्याकडे बघून हसायची तेव्हा तिला काय दिसत होतं, ते तू लिहिलं नाहीस.

तो गाऊन पाठवतोय.

*

७ एप्रिल

ताई,

पाकळ्यांच्या कागदाला बक्षीस मिळालं. तू पेपर बघत नसशील.

मग एका डिझाइन कॉलेजने मला बोलायला बोलावलं. मला! नववी नापास! विषय होता, सर्जनशील कसं राहावं. मुलं वह्या उघडून बसलेली, पुढच्या रांगेतल्या एका मुलीने तीन रंगांची पेनं काढून ठेवली होती. मी म्हटलं, रोज वेगळ्या रस्त्याने कामाला जा. लगेच लिहून घेतलं. म्हटलं, डबकी बघा. लिहून घेतलं. कंटाळा येऊ द्या, कंटाळ्यातून सुचतं. डाव्या हाताने काढा. झोपेतून उठल्या उठल्या जे आठवतं ते कागदावर उतरवा. हे सगळं मी आदल्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात पडलेल्या मासिकात वाचलं होतं. टाळ्या पडल्या. तीन पेनांची मुलगी नंतर जवळ आली आणि म्हणाली, "सर, पण खरंच, तुम्हाला कुठून येतं हे?" रडवेली होती. म्हणाली, "मी डबकी बघते सर, मला डबकंच दिसतं."

फार वाईट वाटलं मला तिचं. मी म्हटलं, "घरी कोण कोण असतं तुझ्या?" ती गोंधळली. मग म्हटलं, "काही नाही, बघत राहा."

बाईंना शेवटचे चार कागद हवेत, महिनाअखेरीस. तू गेल्या पत्रात आईचं काहीच लिहिलं नाहीस. 'तुला यापुढे एक ओळ मिळणार नाही' हे काय वागणं आहे? भांडण तुझंमाझं आहे. त्यात तिला बोलू न देणं हा अन्याय आहे ताई. विचार कर.

*

३० एप्रिल

ताई,

हो. मी आईला फोन केला. तू बेकरीत असताना, शेजारच्या काकूंच्या फोनवर. आणि एकदाच नाही, जवळजवळ रोज. तू दार लावलंस तर मी काय करणार होतो?

काकू भल्या आहेत. फोन तिच्या कानाला धरून उभ्या राहतात, आणि आईने सांगितलेलं ऐकून "अगंबाई" म्हणतात. आई किती छान बोलते, तुला माहीत आहे का? तू तिला नुसती मान वर करून थेंब घेताना बघितलंस. मला ती सगळं सांगते. छताला लोंबणारे पाण्याचे झुपके. तुझ्या चेहऱ्याच्या जागी विणलेली टोपली, आणि टोपलीतून तुझा आवाज. हे ती हसत हसत सांगत होती.

आता तू जे विचारलं आहेस त्याबद्दल. मी तिला थेंब बंद कर असं म्हणालो नाही. कधीच नाही. काकूंना विचार. झालं असं की मधे चित्रं कमी झाली होती, तिची तीच म्हणाली, "चार दिवस काही नाही रे, नुसतं धुकं." माझा जीव टांगणीला लागलेला, कागद द्यायचे होते. मी म्हटलं, "आई, तसंही जेवढं कमी दिसेल तेवढी चित्रं जास्त असं आहे ना ते?" असंच बोलण्याच्या ओघात. ती म्हणाली, "असं आहे होय. तुझं काम अडलंय का?" मी म्हटलं, "थोडं." बस, एवढंच. त्यानंतर ती तू दिलेले थेंब डोळा मिटून गालावरून ओघळू देत होती, आणि बाटली उघडी टाकत होती, हे मला कसं कळणार? मी इथे, ती तिथे.

ओघळलेलं तुला दिसायला हवं होतं. तू समोर होतीस.

चारही कागद झाले. टोपली सगळ्यांत चांगली आलीय. बाईंनी तिला बैठकीच्या खोलीसाठी ठेवलंय.

*

२६ मे

ताई,

तुझं पत्र इतकं छोटं होतं की पाकिटात आणखी काही राहिलंय का म्हणून मी ते उपडं करून झटकलं.

'उजवा गेला. डावाही गेला. मी तिला ओढत नेलं, डॉक्टर म्हणाले उशीर झाला. आता तिला उजेड-अंधारही कळत नाही. चित्रंही दिसत नाहीत, तुला कळावं म्हणून.'

शेवटचं वाक्य तू मला बोचावं म्हणून लिहिलंस, आणि ते बोचलं. तुझा नेम चांगला आहे.

मी काकूंच्या फोनवर बोललो तिच्याशी. म्हटलं, "आई, काहीच नाही का?" म्हणाली, "नाही रे राजा. बघते की मी. रोज बसून बघते." मग खालच्या आवाजात म्हणाली, "खोटं सांगितलं तर चालेल का? मी रचून सांगू का तुला काहीतरी?" आणि तिने सांगितलं. मोर. ताई, मोर! आणि कमळं. मी ते तिच्या समाधानासाठी टाचलं सोमवारी. डिंक्या इतका हसला की खुर्चीवरून पडायचा राहिला. म्हणाला, "आता तू आमच्यातला झालास." भिंतीवरून तो कागद काढून बाईंनी माझ्या टेबलावर पालथा ठेवला. पुढच्या सोमवारी मी माझ्या मनाने काहीतरी काढलं. तेही पालथं आलं. त्याच्या पुढच्याही.

डबकीही बघून झाली. डबकंच दिसतं.

टेबल डिंक्याला द्यायचं घाटतंय. खिडकीजवळचं. मला परत गुंडाळ्या उचलाव्या लागल्या तर मी उचलीन, त्याचं काही नाही, मी कुठेही राहू शकतो, पण तू कधी अशा ठिकाणी उभी राहिली आहेस का, की तू आत आलीस की माणसं बोलायची थांबतात आणि तुझ्या हाताकडे बघतात? चार महिने माझ्याकडे तसं बघत होते. आईच्या बाकावरच्या हसण्याचं तू सांगतेस. माझं कोण सांगणार?

*

१४ जून

ताई,

तुझं पत्र आज आलं. मी ते जिन्यात उभं राहून वाचलं, गुंडाळी खांद्यावरच होती.

'हा आजार घरात उतरतो असं डॉक्टर म्हणाले. भावंडांना तपासायला सांगा म्हणाले, म्हणून कळवते, नाहीतर कळवलं नसतं. माझी तपासणी झाली. मला आहे. सुरुवात आहे, डाव्या डोळ्याची नाकाकडची बाजू अंधुक होतेय. तू तपासून घे.'

मी लगेच गेलो. ते डोळ्यांत फुंकर मारणारं यंत्र असतं, त्याने मी दोनदा दचकलो आणि तो माणूस वैतागला. मग दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. मी सगळे दाबले. माझे डोळे ठणठणीत आहेत. दाब अगदी जितका हवा तितका. त्याने मला शाबासकी दिल्यासारखं सांगितलं आणि मला, खोटं कशाला बोलू, रडूच आलं.

पण मग चालत येताना तुझा विचार करत होतो. लहानपणी कुठलीही गोष्ट तूच मला सांगायचीस, आणि तुझ्या गोष्टीत पायपुसण्याचाही रंग असायचा. आई तर तुझ्यापुढे काहीच नाही. तिला शब्द सापडायला वेळ लागायचा, लसूण काय आणि कंगवे काय, हाताशी येईल ते उचलायची. तू नेमकं सांगशील. तू दिवसभर डोळ्यांसमोर शंभर प्रकारचे रंग लावलेले केक बघतेस.

अजून काही दिसत नसेल, मला कल्पना आहे. पण त्या अंधुक बाजूला कधी काही हलल्यासारखं वाटतं का? बारीक जाळी? एखादी रेघ, जी खरी नाही हे तुला कळतं पण जात नाही? असेल तर आधी मला सांग. घाबरू नकोस, एकटीने तर मुळीच राहू नकोस. तुला असं कुणाच्या भरवशावर टाकून मी इथे बसणार नाही.

शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. या वेळी सरळ गाडी आहे, मधे कुठे थांबत नाही. बाईंकडून रजाही घेतली, घरी आजारपण आहे म्हटलं तर लगेच दिली, वर म्हणाल्या, "हवी तितकी घे. जरा मोकळा होऊन ये."

आईला मी येतोय म्हणून सांगू नकोस. ती उगाच आवरून बसेल. मी तुझ्याकडे येतोय.